शनिवारचे वेडे डॉक्टर

ब्राउनश्वाइगला असताना आम्ही दोघं दर शनिवारी दुपारी तीनच्या खेळाला वेड्या डॉक्टरांचे सिनेमे बघायला जायचो. दोघं म्हणजे मी आणि माझा मित्र. तो मिरजेजवळच्या एका गावचा, विजेच्या यंत्रांवर डॉक्टरेट करत होता. मी पुण्याचा, रसायनाच्या प्रयोगशाळेत रंगद्रव्यांशी झटापट करत होतो. एका विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर आमच्या शेजारशेजारच्या खोल्या होत्या. मधली भिंत इतकी पातळ, की तो शिंकला की मला रुमाल शोधावासा वाटे.

सिनेमाघर स्टेशनच्या बाजूला होतं. तिकिटं फाडणाऱ्या म्हाताऱ्याला डावा हात नव्हता. तो तिकीट दातात धरून उजव्या हातानं फाडायचा, आणि ओलं अर्धुक आपल्या हातात यायचं. आत ओल्या ओव्हरकोटांचा वास असायचा. सिनेमे इंग्लंडहून आलेले, रंगीत, पण बोलायचे जर्मन. साठीचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं, लंडनमध्ये म्हणे तरुण पोरं केस वाढवून गिटारी बडवत होती आणि पोरींचे झगे गुडघ्याच्या वर चढले होते. ते लंडन मी कधी पाहिलं नाही. जे पाहिलं ते या सिनेमांतच, आणि तिथला पोलीससुद्धा टोपीला हात लावून 'गुटेन आबेंड' म्हणायचा.

गोष्ट थोड्याफार फरकानं एकच असायची. एक नामांकित सर्जन, त्याची देखणी बायको अपघातात जाते, आणि हा बाबा ते मानायलाच तयार होत नाही. वरच्या दिवाणखान्यात पुतण्या नाहीतर मेव्हणी रेकॉर्ड लावून नाचते आहे, आणि हा तळघरात काचेच्या पेटीत बायकोला ठेवून नळ्यांतून काहीबाही सोडतो आहे. मग कुणाचं रक्त लागतं, कुणाचं काळीज लागतं. शेवटी आग लागते. आग लागली की आम्ही कोट चढवायला घ्यायचो.

आम्ही भीत नव्हतो, हसायला जात होतो. मी बाटल्यांवर बोलायचो. "निळं ते मोरचूद, हिरवं ते हिराकस. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये याहून जास्त होतं." तो यंत्रांवर बोलायचा. "अरे, एवढी ठिणगी पडतेय आणि अर्थिंग कुठाय? आधी हाच मरेल!" पुढच्या रांगेतून कुणीतरी 'प्स्ट' करायचं. आठवडाभर प्रोफेसरांसमोर मान खाली घालून 'या, गेनाऊ', म्हणजे 'हो, अगदी बरोबर', म्हणत काढायचा आणि शनिवारी पडद्यावरच्या डॉक्टराची यथेच्छ टिंगल करायची, एवढीच आमची ऐश होती.

सिनेमाला निघण्याआधी एक ठरलेला कार्यक्रम असायचा. त्याच्या घरचं पत्र आठवड्यातून एकदा, बहुधा शुक्रवारी यायचं. शनिवारी जेवण झाल्यावर तो स्पिरिटच्या स्टोव्हवर चहा करायचा आणि ते पत्र मला वाचून दाखवायचा. पत्राचा मोठा भाग वडिलांचा. ते गावच्या शाळेत गणित शिकवायचे, सोवळ्याओवळ्याचे, अक्षर छापल्यासारखं. शेवटी चार ओळी आईच्या. आईला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि धाकटी बहीण उतरवून घ्यायची. 'आई सांगते, मी लिहिते' असं आधी लिहिलेलं असायचं. मग आईच्या ओळी. थंडीत कान बांध. तिकडची माणसं गाईचं खातात ते ताट तुझ्यापुढे आलं तर उठून ये, पण भांडू नकोस. म्हैस व्याली, खरवस केला, तुझ्या वाटणीचा शेजारच्या पोराला दिला.

माझी आई मी सात वर्षांचा असतानाच गेली. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, पण त्या चार ओळी मी जरा हावरटपणेच ऐकायचो. तो वाचायचाही छान, आईचा हेल काढून.

एका फेब्रुवारीत माझ्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर एक जाड पाकीट आलं. अक्षर ओळखीचं होतं, आणि म्हणूनच मी दचकलो. मित्राच्या वडिलांनी मला कशाला लिहावं? त्यांनी लिहिलं होतं, की त्याची आई गेली. चार दिवसांचा ताप, तालुक्याच्या डॉक्टरला आणेपर्यंत खेळ आटोपला होता. त्याची तोंडी परीक्षा चार महिन्यांवर आली आहे. आता कळलं तर तो सगळं टाकून निघेल, आणि एकदा निघाला की परत जाणं आपल्यासारख्यांना जमायचं नाही. त्याच्या आईचीही तीच इच्छा असती. तरी परीक्षा होईतो त्याला कळू देऊ नये, आणि मग तुम्हीच जवळ बसून सांगावं. 'तुम्ही त्याला भावासारखे आहात', असं शेवटी होतं.

आमच्याकडे असं करतात. माझ्या आत्तेभावाला त्याचे आजोबा गेल्याचं इंटरची परीक्षा संपल्यावर सांगितलं, आणि सगळ्यांनी सांगणाऱ्यांचं कौतुकच केलं. मुलाचं वर्ष वाचलं! त्यामुळे ते पत्र वाचून मला वाईट वाटलं, पण यात काही वावगं आहे असं क्षणभरही वाटलं नाही. उलट, खरं सांगायचं तर, मला थोडं मोठं झाल्यासारखं वाटलं. एवढी जोखीम माझ्यावर टाकली. मी परतटपाली लिहिलं, की आपण निश्चिंत असावं. पत्र ड्रॉवरमध्ये नमुन्यांच्या बाटल्यांमागे ठेवलं आणि कुलूप लावलं.

त्या शनिवारी चहा झाला आणि त्यानं खिशातून निळा एअरोग्राम, ते घडीचं हवाई पत्र, काढला. वडिलांनी हवापाणी लिहिलं होतं, ज्वारीचं लिहिलं होतं. मग तो म्हणाला, "आई सांगते, मी लिहिते," आणि आईच्या चार ओळी वाचल्या. तुझा स्वेटर कोपरावर विरला असेल, तिथल्या बाईंकडून रफू करून घे.

ती पोर मॅट्रिकला होती. आईला जाऊन दहा दिवस झाले नव्हते तेव्हा तिनं बसून आईच्या बोलीत ते स्वेटरचं लिहिलं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. समोर युद्धात पडलेल्या घराचा मोकळा प्लॉट होता, त्यावर कुणीतरी मोटारी लावायला लागलं होतं.

"चला," तो म्हणाला, "उशीर होतोय. मेलेल्या बायका वाट बघतायत."

आणि आम्ही सिनेमाला गेलो.

नंतरच्या एका मंगळवारी घरमालकीणबाईंनी मला जिन्यात अडवलं. आमच्या आंघोळीचा वार शनिवार. त्या दिवशी सकाळी त्या बंब पेटवायच्या, आणि आळीपाळीनं आम्ही दोघं अर्ध्या टबात बसायचो. "आल्झो, हे पाहा," त्या म्हणाल्या, "तुमच्या मित्राला सांगा, आज मंगळवार आहे. त्यानं आज आंघोळ केली. गार पाण्यानं, फेब्रुवारीत! पाणी जिन्यापर्यंत आलं. हे असं चालणार नाही." मी त्यांची माफी मागितली आणि त्याला काही बोललो नाही. अभ्यासानं डोकं तापलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. त्याच आठवड्यात त्यानं मिशी काढली. मी विचारलं तर म्हणाला, "सर्दीनं वैताग आणला रे, नाक पुसून पुसून." पुढे दुपारी जेवताना तो पावाचा एक तुकडा खिडकीच्या कठड्यावर ठेवायला लागला. इथले कावळे चांगले गलेलठ्ठ, ते यायचे. बाईंनी त्यावरूनही तोंड वाजवलं. "पक्षीमित्र झालास का?" मी म्हणालो. तो म्हणाला, "हो."

मी इतका मूर्ख कसा, असा प्रश्न मला आजही पडतो. मी पुण्याचा, वडील सुधारक, घरी श्राद्धपक्ष नाही. मला या गोष्टी ऐकून माहीत होत्या. पण डोळ्यांसमोर घडत असताना मी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हतो. माझं सगळं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं. ते नीट राहिलं आहे ना, काही सांडत नाही ना, याचीच मला धास्ती.

आठवडे जात राहिले. दर शनिवारी चहा, एअरोग्राम, आईच्या चार ओळी. आता त्या चाराच्या सहा-सात झाल्या होत्या. बहिणीला सूर सापडला होता. आई सांगायची, की तुळस वाळली होती ती पुन्हा फुटली. आई म्हणायची, की तू आलास की दारात आधी पाय धुवायला लावीन, साहेब झाला असलास तरी. तो हेल काढून वाचायचा आणि वाचून झालं की कागद घडी करून माझ्याकडे बघत बसायचा. मी म्हणायचो, "छान! तब्येत बरी दिसते त्यांची." हे वाक्य मी एकदा नाही, पंधरा-सोळा वेळा म्हणालो असेन.

सिनेमात तो हसेनासा झाला होता. अर्थिंगबद्दल बोलायचं त्यानं सोडून दिलं. मीच एकटा मोरचूद-हिराकस करत बसायचो. एप्रिलमध्ये एक सिनेमा लागला, त्यात डॉक्टरनं बायकोला एका पांढऱ्या खोलीत ठेवलं होतं, आणि रोज संध्याकाळी तो तिला दिवसभरात काय झालं ते सांगायचा. तिचे ओठ तारांनी हलायचे. वर लंडनची तरुण मंडळी लाल-पिवळे कपडे घालून नाचत होती. आणि या सगळ्यात एक नर्स होती, पन्नाशीची, इस्त्रीची टोपी घातलेली. ती रोज बाटल्या भरून तळघरात नेऊन द्यायची आणि वर येऊन लोकांना म्हणायची, मॅडमना आज बरं आहे.

बाहेर आल्यावर पाऊस भुरभुरत होता. ट्रामच्या थांब्यावर तो म्हणाला, "डॉक्टर वेडा आहे, त्याचं सोड. मला ती बाई कळत नाही."

"कोण बाई?"

"नर्स. ती वेडी नाही. तिला सगळं माहिती आहे. तरी बाटल्या पोचवते."

"अरे, पगार मिळत असेल," मी म्हणालो आणि हसलो. तो नाही हसला. ट्राम आली.

तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. खोलीवर गेल्यावर मी कितीतरी वेळ ते बोलणं घोळवलं आणि शेवटी स्वतःची समजूत घातली, की परीक्षा जवळ आली आहे, माणूस काहीही बोलतो. पण त्यानंतर मला सांगावंसं वाटायला लागलं होतं, हेही खरं. दोनदा मी त्याच्या दारापर्यंत गेलो. एकदा तर कडीला हात लावला. आत तो जर्मनमध्ये उत्तरं पाठ करत होता, मोठ्यानं, एकेक शब्द चावून. आता सांगितलं आणि तो नापास झाला तर? त्याच्या वडिलांना मी काय तोंड दाखवू? मी परत फिरलो. मला वाटलं, हीच माझी माया.

जूनच्या शेवटी परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दही आणलं, त्यात दोन चमचे साखर घातली आणि ती दहीसाखर त्याच्या हातावर ठेवली. "तुझी आई इथे असती तर तिनं दिली असती," मी म्हणालो. हे असलं वाक्य माझ्या तोंडून गेलं, आणि तेही मी कौतुकानं म्हणालो. त्यानं तळहात चाटून पुसून साफ केला. मग टाय नीट केला आणि गेला.

तो उत्तम गुणांनी पास झाला. तिथल्या रिवाजाप्रमाणे बरोबरच्या लोकांनी त्याच्यासाठी पुठ्ठ्याची उंच काळी टोपी केली होती. नव्या डॉक्टरला ती घालायची, हातगाडीत बसवायचं आणि इन्स्टिट्यूटभोवती मिरवायचं. टोपीवर त्याच्या कामातली काही ना काही गंमत चिकटवतात. तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं, बॅटरीवर पेटणारा छोटा बल्ब होता. सिनेमांचं सगळ्यांना माहीत होतं; म्हणून मी प्रयोगशाळेतून मोरचुदाच्या पाण्याची इवलीशी बाटली आणून तीही लावली होती. तो हातगाडीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, मिशी नाही, गाल बसलेले, डोक्यावर निळी बाटली आणि लुकलुकणारा दिवा. थेट त्या सिनेमातला डॉक्टर दिसत होता. लोक टाळ्या पिटत होते. त्याचे प्रोफेसर स्वतः गाडी ओढत होते. मी मागून ढकलत होतो आणि मला वाटत होतं, की हे असंच चालू राहावं, ही गाडी थांबू नये.

घरी आलो तेव्हा उन्हं अजून भिंतीवर होती. बाईंनी दारातच "हेअर डॉक्टर", डॉक्टरसाहेब, म्हणून हात मिळवला आणि केक दिला. वर त्याच्या खोलीत गेलो. टोपी त्यानं टेबलावर ठेवली. मी दार लावलं, त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि जवळ बसलो, त्याच्या वडिलांनी लिहिलं होतं तसा.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणालो. "आईबद्दल."

"बोल."

मी टेबलावरची टोपी उगीच बाजूला सरकवली.

"फेब्रुवारीत ना?" तोच म्हणाला. "मला माहितीये. तेव्हाच कळलं."

त्यानं उशीखालून एअरोग्रामची चळत काढली, त्यातले दोन निवडले आणि माझ्यापुढे उलगडून ठेवले. "वर बघ."

मी बघितलं. वडिलांचं छापल्यासारखं अक्षर, तारीख, 'चि. यास अनेक आशीर्वाद'. त्यानं बाकीची पत्रं दाखवली. प्रत्येकाच्या माथ्यावर, मधोमध, दोन दंडांच्या मध्ये 'श्री' लिहिलेला होता. या दोनांवर नव्हता.

"सुतकात श्री घालत नाहीत," तो म्हणाला. "बाबांनी ज्वारीचं खोटं लिहिलं, हवेचं लिहिलं, आईची थाप मारली. पण श्री काही त्यांच्या हातून लिहवला नाही. तेरा दिवस. चौदाव्या दिवसाच्या पत्रावर परत आला. मुलाला फसवलं तर चालतं, देवाला नाही. तसेच आहेत ते."

"पण आईच कशावरून? काका असतील, कुणी—"

"काका गेले असते तर कळवलं असतं. माझ्यापासून लपवावं असं घरात आणखी कोण होतं?"

माझ्या ड्रॉवरमधल्या पत्रावरही श्री नव्हता. बाटल्यांमागे चार महिने ते पडून होतं, आणि मी एकदाही वर बघितलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं. मला राग आला होता. कशाचा ते आता सांगता येणार नाही. बहुधा माझी सगळी मेहनत फुकट गेली याचाच. "एकट्यानं काय काय केलंस तू, ती आंघोळ, तो पाव... निदान मला तरी!"

तो टोपीवरच्या दिव्याकडे बघत होता. बॅटरी उतरत आली होती.

"बोललो असतो तर ते लिहिणं थांबलं असतं," तो म्हणाला. "घरी कळवलं असतं, की मला माहिती आहे, तर पुढच्या पत्रात आई नसती. बहिणीला बरोब्बर जमत होतं रे. तुळशीचं, पाय धुवायचं. मला वाटायचं, अजून एक आठवडा. आणखी एक." मग म्हणाला, "आणि मी दर शनिवारी तुला वाचून दाखवत होतो. प्रत्येक वेळी वाटायचं, आज हा सांगेल. आज याच्यानं ऐकवणार नाही."

तब्येत बरी दिसते त्यांची, हे पंधरा-सोळा वेळा म्हटलेलं वाक्य तेवढं कानात वाजत होतं.

त्यानं कोटाच्या खिशातून एक एअरोग्राम काढला. सकाळीच आला होता, कडा फोडलेल्या नव्हत्या. त्यानं तो माझ्या हातात दिला.

"आज तू वाच," तो म्हणाला. "शेवटचंच वाच."

"नको."

"वाच. मी ऐकतो."

मी टेबलावरच्या सुरीनं कडा फोडल्या. वर श्री होता. मी वडिलांचा मजकूर सोडून खाली गेलो. बहिणीचं गोल, शाळकरी अक्षर. मला त्याच्यासारखा हेल येत नव्हता, मी सपाट आवाजात वाचायला लागलो.

'आई सांगते, मी लिहिते. परीक्षेला जाताना दहीसाखर खाऊन जा. दही मिळालं नाही तर दूध घे, पण उपाशी जाऊ नकोस. घाबरू नकोस. तू आत असशील तोवर मी इथे देवापाशी दिवा लावून बसते. तू बाहेर आलास, की मगच उठेन.'

तो मान खाली घालून ऐकत होता. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "आलो बाहेर."

मग त्यानं माझ्या हातातून कागद घेतला, घडी केली, आणि घरी लिहायला बसला. मी माझ्या खोलीत गेलो. पातळ भिंतीतून त्याचं रडणं मला ऐकू येत होतं, आणि उठून पलीकडे जायचा हक्क मी गमावून बसलो होतो.